उधना जंक्शन : कापसासाठी टाकलेला फाटा, खानदेशच्या माणसांचं दार

सुरत शहराच्या दक्षिण अंगाला असलेलं उधना हे पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागातलं जंक्शन. मुंबई–अहमदाबाद मुख्य मार्गातून खानदेशकडे जाणारा फाटा इथे फुटतो. सव्वाशे वर्षांपूर्वी उधना हे सुरत जिल्ह्यातल्या चोर्यासी तालुक्यातलं एक खेडं होतं. आज ते सुरत महापालिकेच्या हद्दीत आहे आणि चहूबाजूंनी कारखान्यांनी वेढलेलं आहे. नंदुरबार, धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या असंख्य घरांसाठी मात्र 'सुरतला जातो' याचा अर्थ बहुतेक वेळा 'उधन्याला उतरतो' असाच असतो.

सुरतेतला मराठी माणूस कुठून आला, केव्हा आला, हा प्रश्न निवडणुका आल्या की दोन्ही राज्यांत चघळला जातो. त्याचं बरंचसं उत्तर या जंक्शनच्या इतिहासात मिळतं.

थोडक्यात

- ठिकाण : सुरत स्टेशनच्या दक्षिणेला, मुंबईकडून येताना सुरतच्या अगदी अलीकडे
- तीन दिशा : उत्तरेला सुरत–अहमदाबाद, दक्षिणेला नवसारी–मुंबई, पूर्वेला नंदुरबार–जळगाव
- फाट्याचं मूळ नाव : ताप्ती व्हॅली रेल्वे
- उधना–जळगाव अंतर : सुमारे ३०७ किलोमीटर
- वाटेतली मोठी स्टेशनं : बारडोली, व्यारा, उकाई-सोनगढ, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव

रुळांच्या आधीचा रस्ता

उधन्याहून पूर्वेला जाणारा लोहमार्ग नव्या वाटेने गेलेला नाही. सुरत हे मुघल काळातलं पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर आणि बुऱ्हाणपूर हे दक्षिणेच्या सुभ्याचं ठाणं. या दोघांना जोडणारा काफिल्यांचा रस्ता बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार असाच जात होता. इंग्रज वकील थॉमस रो १६१५ मध्ये सुरतेहून बुऱ्हाणपूरला याच बाजूने गेला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने तर नवापूरच्या बारीक, सुवासिक तांदळाची तारीफ लिहून ठेवली आहे.

सुरतेच्या बाहेरच्या तटाला जे दरवाजे होते, त्यांतल्या अनेकांना पुढच्या गावांची नावं होती. कतारगाम, वरियाव, मजुरा, नवसारी, तसाच उधना दरवाजा. तट पडला, दरवाजा गेला, पण शहरातला तो चौक अजून 'उधना दरवाजा' याच नावाने ओळखला जातो.

या वाटेवर मराठ्यांच्याही खुणा आहेत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पिलाजीराव गायकवाडांनी बस्तान बसवलं ते सोनगढला, आणि पुढे बडोद्याचं राज्य उभं राहिलं. व्यारा-सोनगढचा मुलूख संस्थानं विलीन होईपर्यंत गायकवाडांकडेच होता.

मुख्य मार्ग आला, खानदेश बाजूला राहिला

बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडच्या 'बीबीसीआय'ने, आपलं काम मुंबईपासून सुरू केलं नाही. तिचा पहिला तुकडा १० फेब्रुवारी १८६० रोजी सुरू झाला तो अंकलेश्वर ते उत्राण, तापीच्या उत्तर काठावर. नंतर तापीवर पूल झाला, रूळ दक्षिणेकडे सरकत गेले आणि १८६४ च्या नोव्हेंबरात ते मुंबईत ग्रँट रोडला पोचले. उधन्याच्या शेतांच्या कडेने गाड्या धावू लागल्या त्या अशा.

त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे 'जीआयपी', चाळीसगाव, जळगाव, भुसावळ करत पुढे गेली. पूर्व खानदेशचा कापूस थेट मुंबईला जाऊ लागला. नंदुरबार, नवापूर, दोंडाईचा, सिंदखेडा हा पश्चिमेचा पट्टा मात्र दोन्ही लोहमार्गांच्या मधल्या पोकळीत राहिला. तिथला कापूस आणि तेलबिया बैलगाडीने कोंडाईबारीचा घाट उतरून सुरतेकडे किंवा उलट्या बाजूने जळगावकडे न्याव्या लागत.

ताप्ती व्हॅली रेल्वे

ही पोकळी भरण्यासाठी खासगी भांडवलावर ताप्ती व्हॅली रेल्वे कंपनी उभी राहिली. तिची व्यवस्थापक एजन्सी होती मुंबईची किलिक निक्सन कंपनी. विदर्भातल्या वाचकांना हे नाव ओळखीचं वाटेल, कारण मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळला जाणारी 'शकुंतला' चालवणारी मंडळी तीच.

सुरत ते अमळनेर हा सुमारे अडीचशे किलोमीटरचा मार्ग १८९९–१९०० मध्ये टप्प्याटप्प्याने खुला झाला. मालकी कंपनीची असली तरी गाड्या बीबीसीआय चालवत असे. अमळनेर ते जळगाव हा शेवटचा तुकडा जीआयपीचा होता. दोन कंपन्यांचे रूळ जुळले आणि गुजरातच्या किनाऱ्यावरून खानदेशमार्गे थेट नागपूर-कलकत्त्याकडे जाणारी वाट तयार झाली.

मार्ग सुरू झाला तोच दुष्काळाच्या वर्षांत. विक्रम संवत १९५६ चा 'छप्पनिया' गुजरातेत आणि खानदेशात दोन्हीकडे पडला. ज्या रुळांवरून कापूस बाहेर जाणार होता, त्याच रुळांच्या दोन्ही बाजूंना त्या वर्षी पीकच नव्हतं.

संपूर्ण मार्ग तापीच्या दक्षिण काठाने जातो. त्यामुळे कंपनीला तापीवर मोठा पूल बांधावा लागला नाही. याची दुसरी बाजू अशी की नदीपलीकडच्या शहादा, तळोदा, अक्कलकुवा, शिरपूर या तालुक्यांपर्यंत रूळ आजही पोचलेले नाहीत. शहाद्याचा माणूस सुरतेला जायचं तर आधी एसटीने नंदुरबार किंवा दोंडाईचा गाठतो.

कंपनीचा हा मार्ग सरकारने १९४२ मध्ये विकत घेतला. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी बीबीसीआयची पश्चिम रेल्वे झाली आणि जीआयपीची मध्य रेल्वे. जळगाव ही दोघींची हद्द ठरली. कंपनीचं नाव कागदावरून गेलं, पण सुरतेत या फाट्याला आजही 'ताप्ती लाइन'च म्हणतात.

जंक्शनचं तोंड कुणीकडे?

रूळ किमान तीन दिशांना जात असतील तर स्टेशनाला जंक्शन म्हणतात. उधन्याच्या बाबतीत महत्त्वाची गोष्ट म्हणजे फाट्याचं तोंड. खानदेशकडून आलेली गाडी उधन्यात मुख्य मार्गाला मिळते ती उत्तरेकडे, सुरतेच्या दिशेने. अहमदाबाद–चेन्नई नवजीवन एक्सप्रेस किंवा सुरतेहून सुटणारी ताप्ती गंगा एक्सप्रेस इथून सरळ पूर्वेला वळते. मुंबईकडून उधन्याला आलेल्या गाडीला मात्र इंजिनाची बाजू बदलल्याशिवाय या फाट्यावर जाता येत नाही.

म्हणजे मूळ आखणीच सुरत आणि खानदेश यांना जोडणारी होती. नंदुरबारच्या माणसाला स्वतःच्या राज्याच्या राजधानीपेक्षा सुरत सोपी वाटते, त्यामागे अंतर तर आहेच, पण १९०० सालचं हे वळणही आहे.

हाच फाटा का वाढला?

दक्षिण गुजरातमध्ये मुख्य मार्गावरून फुटणारे फाटे आणखीही आहेत. सुरत जिल्ह्यातच कोसंबा जंक्शनहून उमरपाड्याकडे नॅरोगेज गेली. नवसारी जिल्ह्यात बिलिमोऱ्याहून डांगच्या उंबरठ्यावरच्या वघईपर्यंत अशीच छोटी गाडी गेली. दोन्ही गायकवाडांच्या राज्यातल्या आणि दोन्हींचं मुख्य काम जंगलातला माल बाहेर काढणं. पण त्या जंगलाच्या तोंडाशी जाऊन थांबल्या. गेज वेगळा, म्हणून माल जंक्शनवर उतरवून दुसऱ्या डब्यांत भरावा लागे. शकुंतलेचंही तेच झालं.

ताप्ती लाइन सुरुवातीपासून ब्रॉडगेज होती आणि दुसऱ्या टोकाला जळगावला दुसऱ्या मुख्य मार्गाला मिळाली होती. डबा न बदलता माल पार होत होता. रस्त्यावरचे ट्रक वाढल्यावर छोट्या गेजचे फाटे मागे पडले, काही बंदच झाले. ताप्ती लाइन मात्र पश्चिम किनारा आणि पूर्व भारत यांच्यातला जवळचा मार्ग म्हणून टिकली आणि तिच्या तोंडाशी असलेलं उधना तिच्याबरोबर वाढत गेलं.

१९६० : रुळांवरून गेलेली रेघ

द्विभाषिक मुंबई राज्यात उधना, नवापूर, अमळनेर सगळं एकाच राज्यात होतं. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. त्या वेळी पश्चिम खानदेशच्या नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा तालुक्यांतली काही गावं गुजरातला देण्यात आली. आजचे उच्छल आणि निझर हे भाग त्यातूनच आले. आधी ते सुरत जिल्ह्यात होते, २००७ मध्ये तापी जिल्हा झाल्यावर तिकडे गेले. इकडे १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला.

या रेघेचं सगळ्यात बोलकं ठिकाण म्हणजे नवापूर स्टेशन. राज्याची सीमा फलाटावरूनच जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरची खोली गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकाचा अर्धा भाग एका राज्यात तर अर्धा दुसऱ्या राज्यात, आणि तसं त्यावर रंगवलेलंही आहे. घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत होतात. फोटो काढायला लोक थांबतात, पण नवापूरकरांना त्यात फार नवल नाही. गावित, वळवी, वसावे, पाडवी ही आडनावं सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. सोयरिकी जुन्या, रेघ नंतरची.

शेतापासून लूमपर्यंत

स्वातंत्र्यानंतर सुरतेच्या जरी आणि रेशमाच्या धंद्याला कृत्रिम धाग्याची जोड मिळाली आणि हातमागाच्या जागी यंत्रमाग आले. जुन्या शहरात जागा नव्हती. उधन्यात मोकळी जमीन होती, शिवाय जंक्शन आणि मालधक्का हाताशी. उधना उद्योगनगर ही औद्योगिक वसाहत इथेच उभी राहिली. पुढे शेजारी पांडेसरा आणि सचिन इथे गुजरात औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती आल्या. पांडेसरा-सचिनला डाइंग-प्रिंटिंगच्या मिल, उधना-लिंबायतला लूमची खाती, असं ढोबळ चित्र तयार झालं.

याच काळात खानदेशात उलटं घडत होतं. कोरडवाहू शेतीचे तुकडे होत होते, १९७२ च्या दुष्काळाने कंबरडं मोडलं आणि पुढे अमळनेर, धुळे, चाळीसगावच्या कापड गिरण्याही एकेक करून डबघाईला आल्या. गिरणीत काम केलेल्या माणसाला सुतावरचं काम नवं नव्हतं आणि गाडी दारातूनच जात होती. एक भाऊ आधी आला, खात्यावर लागला, मग त्याने दुसऱ्याला बोलावलं. गावातल्या एका आळीची माणसं सुरतेत एकाच सोसायटीत सापडतात, ते यामुळे.

लूमवर पगार मीटरवर मिळतो. बारा तासांची पाळी, एका माणसाकडे अनेक माग आणि कानठळ्या बसवणारा आवाज. बायका घरी साड्यांना लेस लावणे, स्टोन चिकटवणे, धागे कापणे अशी कामं घेतात. हळूहळू काहींनी स्वतःचे माग घेतले, काही रिंग रोडच्या मार्केटात दलालीत शिरले, काही बांधकामात आणि राजकारणातही. उधना आणि लिंबायत हे विधानसभा मतदारसंघ नवसारी लोकसभा मतदारसंघात येतात. २००९ पासून तिथले खासदार असलेले सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले, आणि लिंबायतच्या आमदार संगीता पाटील याही मराठी भाषक.

ताप्ती लाइनच्या मधल्या पट्ट्यात वेगळी वर्दळ आहे. बारडोली, मढी, चलथाणचे साखर कारखाने दिवाळीनंतर सुरू झाले की नंदुरबार, साक्री, नवापूर आणि डांगकडचे आदिवासी ऊसतोडणीला मुकादमाबरोबर उतरतात. उन्हाळ्यात परततात. लूमवाल्यांना सुरतेत निदान पत्ता मिळाला. तोडणीवाल्यांची नोंद दोन्ही राज्यांत पुरती होत नाही.

घरात अहिराणी, खात्यात हिंदी, शाळेत काय?

उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम, गोडादरा, पांडेसरा या भागांत फिरलं तर अहिराणी सर्रास कानावर पडते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि दुसऱ्या दिवशी तापीकडे मिरवणुका निघतात. रोटांसाठी भाऊबंद एकत्र यावे लागतात, म्हणून अनेक घरं त्या आठवड्यात गावीच जातात. आखाजीलाही तसंच. लेकी माहेरी निघतात आणि उधन्याच्या फलाटावर पाय ठेवायला जागा राहत नाही.

सुरत महापालिकेची शिक्षण समिती सात माध्यमांच्या शाळा चालवते : गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, उडिया आणि तेलुगू. जंक्शनने शहर किती बदललं, याचा हा सरकारी पुरावाच. मराठी माध्यमातून शिकलेली पिढी आज सुरतेत नोकरी-धंद्यात आहे. पुढच्या पिढीचा ओढा मात्र गुजराती किंवा इंग्रजीकडे आहे. २०२३ च्या कायद्याने गुजरातमधल्या सगळ्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती विषय सक्तीचा झाला. रोजगाराच्या दृष्टीने मुलांना तो उपयोगीच आहे. मराठी टिकवायची ती घरात आणि गावाच्या ये-जा करण्यातून, हे पालकही जाणून आहेत.

संकटात आधी आठवतं ते स्टेशन

सप्टेंबर १९९४ मध्ये पुरानंतर सुरतेत प्लेगची साथ आली. काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडलं. मिळेल त्या गाडीने माणसं बाहेर पडली आणि खानदेशातल्या गावांना साथीची धास्ती पडली. पुढच्या वर्षी आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी शहराची साफसफाई हाती घेतली आणि सुरतेचा कायापालट सुरू झाला. गेलेले लोक त्याच गाड्यांनी परत आले.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत उलट झालं. या वेळी गाड्याच बंद होत्या. मे महिन्यात श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या, त्यांतल्या सुरतेहून सुटणाऱ्या बहुतेक ओडिशा, उत्तर प्रदेश आणि बिहारकडे गेल्या. खानदेशचं गाव जवळ, पण मध्ये राज्याची सीमा. एरवी ज्या नवापुरात एका बाकावर बसून दोन राज्यांत पाय ठेवता येतो, तिथे पलीकडे जायला परवानगीचा कागद लागू लागला.

दुसरा रूळ, नवी गर्दी

शंभराहून अधिक वर्षं ताप्ती लाइन एकेरीच होती. समोरून गाडी आली की एकीने मधल्या स्टेशनात बाजूला थांबायचं, यालाच 'क्रॉसिंग' म्हणतात. पॅसेंजर गाडीचा निम्मा वेळ त्यात जायचा. उधना–जळगाव दुहेरीकरण आणि विद्युतीकरणाचं काम पूर्ण होऊन १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी धुळ्यातून त्याचं लोकार्पण केलं. त्याच कार्यक्रमात भुसावळ–वांद्रे खानदेश एक्सप्रेसला हिरवा झेंडा मिळाला.

त्यानंतर उधन्याचं महत्त्व झपाट्याने वाढलं. सुरत स्टेशनवर जागा उरलेली नाही. ११ नोव्हेंबर २०२३ ला दिवाळीच्या गर्दीत तिथे चेंगराचेंगरी होऊन एका प्रवाशाचा जीव गेला. उत्तर प्रदेश-बिहारकडच्या सणासुदीच्या गाड्या आता मोठ्या प्रमाणात उधन्याहून सोडल्या जातात. सुरत स्टेशनच्या पुनर्बांधणीसाठी २०२५ च्या सुरुवातीला अनेक गाड्यांचा थांबा तात्पुरता उधन्याला हलवला गेला. उधन्याच्या स्वतःच्या पुनर्विकासाची पायाभरणी जून २०२२ मध्ये झाली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये ओडिशातल्या ब्रह्मपूरहून उधन्यापर्यंत अमृत भारत एक्सप्रेसही सुरू झाली.

जवळच्या प्रवाशाचं काय?

इथेच खानदेशच्या प्रवाशाचा प्रश्न येतो. लांब पल्ल्याच्या गाड्यांचे जनरल डबे उधन्यातच भरून जातात. नंदुरबार, दोंडाईचा किंवा अमळनेरला चार-पाच तासांसाठी जाणाऱ्याला त्यात शिरणं मुश्किल. त्याचा भरवसा पॅसेंजर आणि मेमूवर असतो. कोविडनंतर देशभर पॅसेंजर गाड्या 'एक्सप्रेस स्पेशल' म्हणून चालल्या आणि किमान भाडं १० रुपयांवरून ३० रुपये झालं. बारडोली-व्याऱ्याहून रोज अपडाउन करणाऱ्याला तो फटका थेट बसला. फेब्रुवारी २०२४ अखेर ते पुन्हा १० रुपये झालं.

भाडं उतरलं, पण गाड्यांचा सवाल उरतोच. सुरतेतल्या खानदेशी माणसाचं घर दोन ठिकाणी असतं. पगार इकडे आणि शेत, म्हातारे आईबाप, कानबाईचा रोट तिकडे. शनिवारी रात्री पाळी सुटल्यावर निघून सोमवारी पाळीला परत हजर होता आलं, तरच हे दोन घरांचं गणित जमतं. म्हणून उधन्याचा नवा आराखडा तयार होताना फलाट किती वाढले याबरोबरच नंदुरबार-भुसावळकडच्या कमी अंतराच्या गाड्या किती आणि कुठल्या वेळेला, हेही मोजलं जायला हवं. दुसरा रूळ झाल्यामुळे त्यासाठी जागा निदान तयार झाली आहे.

कालपट

- १८६० : अंकलेश्वर–उत्राण, बीबीसीआयचा पहिला मार्ग
- १८६४ : रूळ मुंबईत ग्रँट रोडपर्यंत
- १८९९–१९०० : ताप्ती व्हॅली रेल्वे, सुरत ते अमळनेर
- १९४२ : मार्ग सरकारच्या ताब्यात
- १९५१ : पश्चिम आणि मध्य रेल्वेची स्थापना
- १९६० : महाराष्ट्र–गुजरात विभाजन, सीमा नवापूर स्टेशनातून
- १९९४ : सुरतेतली प्लेगची साथ
- १९९८ : नंदुरबार जिल्हा
- २००७ : तापी जिल्हा
- २०१९ : उधना–जळगाव दुहेरी मार्गाचं लोकार्पण, खानदेश एक्सप्रेस
- २०२२ : उधना स्टेशन पुनर्विकासाची पायाभरणी
- २०२५ : ब्रह्मपूर–उधना अमृत भारत एक्सप्रेस